पाळणा लांबवायचा तर माहेर-सासरची सीमा आडवी

औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद भागात कुटुंबनियोजन म्हटलं की बायकांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘ऑपरेशन’. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) कर्नाटकात १५ ते ४९ वयाच्या ५७.४ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. महाराष्ट्रात हे प्रमाण ४९.१ टक्के, देशात ३७.९. पुरुष नसबंदी देशभरात अवघी ०.३ टक्के! लेकरं पुरे झाली की पाळणा थांबवायची सोय आहे. अडचण आहे ती दोन लेकरांत अंतर ठेवण्याची.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्याआधी किमान २४ महिने जाऊ द्यावेत. घाई झाली तर आईचं रक्त भरून येत नाही, पुढचं बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. पण ‘दुसरं लगेच उरकून घे, मग एकदाचं ऑपरेशन’ हा सासूचा हिशोब सुनेच्या प्रकृतीवर भारी पडतो. कमी वयात लग्न झालेली सून तर तोंडही उघडत नाही.

सीमाभागाची खास अडचण वेगळीच. सासर औरादकडं, माहेर उदगीर किंवा देगलूरला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे महाराष्ट्रातल्या दवाखान्यात. प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवता येते, ती तिथं बसते. तिसऱ्या महिन्यात बाई सासरी येते, कार्ड माहेरीच राहतं. इकडच्या आशाताईच्या वहीत तिची नोंद नसते, आणि ताईकडची माहितीपत्रकं कन्नडमध्ये. पोटात दुखलं, जास्त गेलं की शेजारणीच्या सल्ल्यानं तांबी काढली जाते. पहिले काही महिने पाळी जास्त जाणं नेहमीचं आहे, एवढं सांगणारं कुणी भेटलं असतं तरी पुष्कळ होतं.

‘अंतरा’ इंजेक्शनचंही तेच. सरकारी योजनेत २०१७ पासून आलेलं हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी मोफत मिळतं. त्यानं पाळी अनियमित होते, कधी थांबते. लगेच घरात ‘दिवस गेले का?’ अशी कुजबुज सुरू. पाळी थांबली म्हणजे घाण रक्त आत साठतं, हा समज खोटा आहे. ‘छाया’ गोळीत संप्रेरकं नाहीत. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढं एकदाच घ्यायची; अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते.

अंगावर पाजते तोवर दिवस जात नाहीत, ही समजूत अर्धीच खरी. बाळ सहा महिन्यांच्या आत, पाळी आलेली नाही आणि बाळाला रात्रंदिवस फक्त आईचं दूध, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच तो आधार. वरचं पाणी, गुटी सुरू झाली की धरू नये.

तांबी, इंजेक्शन किंवा गोळीसाठी नवऱ्याची सही लागत नाही. माहेराहून निघताना प्रसूतीचं कार्ड आणि अंतराचं कार्ड सोबत घ्यावं. तारीख त्यावरच असते. अंतराचा पुढचा डोस ठरल्या तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत घेता येतो. त्याहून उशीर झाला तर आधी गर्भ नाही याची खात्री करूनच इंजेक्शन देतात.