उंचीचे पट्टे : अँडीज पर्वत व एका भौगोलिक संकल्पनेचा उगम

पृथ्वीचे उष्ण, समशीतोष्ण व शीत असे कटिबंध पाडण्याची प्रथा ग्रीक विद्येइतकी जुनी आहे. विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जावे तसतसे तापमान उतरते, हे तिचे मूलतत्त्व होय. ह्या तत्त्वाची अपूर्णता दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतावर विशेष स्पष्टपणे दिसून येते. क्विटो शहर विषुववृत्ताच्या अगदी निकट असूनही सुमारे २,८५० मीटर उंचीवर वसल्यामुळे तेथील हवा बारमाही सौम्य असते. हवामान केवळ अक्षवृत्तावर नव्हे, तर उंचीवरही अवलंबून असते, हा विचार आज प्राथमिक वाटतो. परंतु त्यास शास्त्राचे रूप कसे प्राप्त झाले, हे पाहण्याजोगे आहे.

ह्या विचाराचे श्रेय सामान्यतः अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट ह्यास दिले जाते. इ. स. १७९९ मध्ये बाँप्लाँ ह्या वनस्पतिशास्त्रज्ञासह तो दक्षिण अमेरिकेत उतरला. २३ जून १८०२ रोजी त्याने चिंबोराझो ह्या पर्वतावर चढाई केली. शिखर मात्र त्यास गाठता आले नाही. १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वनस्पति-भूगोलविषयक निबंधास जोडलेल्या चित्रात पर्वताचा छेद दाखवून त्यावर वनस्पतींची नावे उंचीनुसार लिहिली आहेत. दोन्ही बाजूंच्या रकान्यांत वायुभार, तापमान, पाणी उकळण्याचे तापमान, इतकेच नव्हे तर आकाशाच्या निळाईचे मानही दिले आहे. पुढे १८१७ साली त्याने समताप रेषांची कल्पना मांडली, तीही कटिबंधांच्या जुन्या चौकटीस छेद देणारीच होती.

तथापि, उंचीच्या पट्ट्यांचे ज्ञान हुम्बोल्टच्या आगमनापूर्वीही तेथे होते. स्पॅनिश अमेरिकेतील लोकव्यवहारात उष्ण भूमी, समशीतोष्ण भूमी व थंड भूमी असे भेद रूढ होते. त्याहूनही प्राचीन परंपरा अँडीजमधील मूळ रहिवाशांची होय. एकाच समाजाने निरनिराळ्या उंचीवर शेती व कुरणे राखून बटाटा, मका, कोका अशी भिन्न उत्पन्ने मिळविण्याची त्यांची पद्धती जॉन मुर्रा ह्या मानवशास्त्रज्ञाने १९७२ साली विशद केली. ज्यास भूगोलज्ञ पट्टा म्हणतात, तो त्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने उपजीविकेचा आधार होता.

ह्या संदर्भात पोपायानचा विद्वान फ्रान्सिस्को होसे दे काल्दास ह्याचे स्थान महत्त्वाचे आहे. पाण्याच्या उत्कलनबिंदूवरून उंची काढण्याची रीत त्याने स्वतंत्रपणे सिद्ध केली होती; युरोपात ते तत्त्व त्याआधीच ज्ञात होते. १८०१ च्या अखेरीस इबारा येथे त्याची व हुम्बोल्टची भेट झाली. पुढील प्रवासात सहभागी होण्याची त्याची इच्छा सफल झाली नाही. हुम्बोल्टने कार्लोस मोंतुफार ह्या तरुणास सोबत घेतले. १८०३ साली काल्दासने विषुववृत्तानजीकच्या पिकांच्या उंचीसंबंधी निबंध लिहिला. १८१६ साली स्पॅनिश सत्तेने स्वातंत्र्ययुद्धातील सहभागाबद्दल त्यास बोगोटा येथे देहान्त शासन दिले. अग्रक्रम कोणाचा, ह्या वादापेक्षा दोघांच्याही कार्यास एकाच प्रदेशाचा व तेथील लोकानुभवाचा आधार होता, ही गोष्ट अधिक मोलाची आहे.

हुम्बोल्टच्या चित्राची चिकित्साही आवश्यक आहे. २०१५ साली काही संशोधकांनी त्यातील नोंदी चिंबोराझोच्या मानून, दोन शतकांत तेथील वनस्पती पाचशे मीटरांहून अधिक वर सरकल्या, असा निष्कर्ष काढला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या संशोधनाने मूळ लेखन व वनस्पतींचे नमुने तपासून दाखविले की, उंचावरील वनस्पतींच्या नोंदी बहुतांशी अंतिसाना ह्या दुसऱ्या पर्वतावरील होत्या. त्या पर्वताशी तुलना करता हे सरकणे २१५ ते २६६ मीटर इतकेच ठरले. तापमानवाढीचा परिणाम त्यामुळे खोटा ठरत नाही. त्याचे प्रमाण मात्र सुमारे निम्म्यावर येते.

सारांश, हुम्बोल्टचे चित्र हे एका पर्वताचे यथादर्शन नसून अनेक स्थळांच्या निरीक्षणांचा समन्वय होता. संकल्पना म्हणून त्याचे सामर्थ्य त्या समन्वयातच आहे. परंतु पुरावा म्हणून त्याचा उपयोग करावयाचा, तर प्रत्येक नोंद कोठली व कोणाच्या ज्ञानातून आलेली, हे आधी शोधले पाहिजे. भूगोलाच्या मूलभूत संज्ञांचा इतिहास अभ्यासण्याचे प्रयोजन हेच होय.