फेसाळ वाइन आणि भेटीची बाटली

नाताळच्या सुमारास गिऱ्हाइकास किंवा सहकाऱ्यास वाइनची बाटली पाठविणें, ही इंग्लंडांतील व्यापारी पेढ्यांची परिचित रीत होय. मानाची बाटली म्हटली कीं ती फ्रान्समधील शँपेनचीच, असा संकेत तेथें दीर्घकाळ होता. अलीकडे मात्र कित्येक कंपन्या स्वदेशीं पिकलेली फेसाळ वाइन निवडूं लागल्या आहेत. ही निवड केवळ अभिमानाची कीं तिला इतिहासाचाही आधार आहे?

१७ डिसेंबर १६६२ रोजीं ख्रिस्तोफर मेरेट या वैद्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें एक निबंध मांडला. वाइन फेसाळ व चुरचुरीत व्हावी म्हणून व्यापारी तींत साखर व काकवी घालतात, अशी त्यांत नोंद आहे. हा फेस कोंडून धरणारी बाटलीही इंग्लंडांतच घडली. आरमारासाठीं लांकूड राखावें म्हणून १६१५ सालीं पहिल्या जेम्स राजानें कांचेच्या भट्ट्यांत तें जाळण्यास मनाई केली. भट्ट्यांत दगडी कोळसा आला, आंच वाढली आणि कांच अधिक कणखर झाली. फेसाचा जनक म्हणून ज्याची ख्याति झाली, तो दों पेरिन्यों ओव्हिलेच्या मठांत आला तो १६६८ सालीं!

तथापि शँपेनची कीर्ति अन्यायाची नव्हे. इंग्लंडजवळ युक्ति होती, बाटली होती. द्राक्षें मात्र परक्यांचीं होतीं. शँपेनच्या बागाइतदारांनीं पिढ्यान् पिढ्या खपून त्या फेसास रूप दिलें. इंग्लंडांत हॅम्पशायरमधील हॅम्बल्डन येथें व्यापारी मळा उभा राहिला तो १९५२ सालीं. ससेक्समधील नायटिंबर येथें शँपेनच्याच जातींचे वेल लागले ते १९८८ सालीं. दक्षिण इंग्लंडांतील खडूची जमीन शँपेनच्या जमिनीचीच भगिनी आहे, आणि हवाही उत्तरोत्तर उबदार झाली आहे. २०१५ सालीं तेतँजे या शँपेनच्या घराण्यानेंच केंट परगण्यांत जमीन घेतली. याहून बोलकी साक्ष कोणती?

मात्र भेट निवडणारानें चिठ्ठी नीट वाचावी. ‘इंग्लिश वाइन’ इंग्लंडांत पिकलेल्या द्राक्षांची असते. ‘ब्रिटिश वाइन’ परदेशांतून आणलेल्या रसाचीही असूं शकते. ‘पारंपरिक पद्धति’ हे शब्द असल्यास दुसरें आंबवण बाटलींतच झालें असें समजावें. शिवाय २०१० च्या लांचलुचपतविरोधी कायद्यानें साध्या सौजन्याची भेट वर्ज्य केलेली नाहीं. गैर काम करून घेण्यासाठीं दिलेली भेट मात्र गुन्हा ठरते. आणि जो मद्यास शिवत नाहीं, त्याच्या दारीं बाटली धाडणें हा सन्मान नव्हे, अनवधान होय.

साडेतीनशें वर्षांपूर्वीं इंग्लंडनें फेस आपला व द्राक्षें परक्यांचीं, असा संसार मांडला होता. आज दोन्हीं एकाच बाटलींत आलीं आहेत. ती कोणाच्या हातीं, कोणत्या हेतूनें द्यावयाची, एवढाच विवेक देणाऱ्याकडे उरतो.