सार्वजनिक म्हणजे कुणाचं? फोर्ट ऑर्डच्या टेकड्यांवरचं मैदान

‘सार्वजनिक’ हा शब्द आपण रोज वापरतो, पण ‘सर्व जन’ म्हणजे नेमके कोण, हे क्वचितच विचारतो. आज हा प्रश्न आपण एका गोल्फच्या मैदानाला विचारू.

कॅलिफोर्नियात माँटेरेच्या उपसागराला लागून वाळूच्या, चढउताराच्या टेकड्या आहेत. त्यांवर समुद्रवाऱ्याने वाकलेले, बारमाही हिरवे ओक आहेत. या भागातले मूळ रहिवासी रमसेन लोक. ओकची फळं कुटायची, पाण्याने धुऊन त्यातला कडूपणा घालवायचा आणि त्या पिठाची लापशी करायची, हा त्यांचा आहार. म्हणजे आज ज्याला आपण ‘निसर्गदृश्य’ म्हणतो, ते त्यांचं धान्याचं कोठार होतं. पुढे स्पॅनिश मिशन आलं, मग मेक्सिकन जमीनदार, आणि १९१७ मध्ये अमेरिकन सैन्य. तोच हा फोर्ट ऑर्डचा तळ.

१९५४ मध्ये तळप्रमुख मेजर जनरल रॉबर्ट मॅक्लूर यांनी इथे गोल्फचं मैदान करवून घेतलं. नाव बेयॉनेट, म्हणजे संगीन. १९६४ मध्ये शेजारी दुसरं झालं, ब्लॅक हॉर्स. जमीन सरकारी खरी, पण मैदानं सैन्याची. सरकारी आणि सार्वजनिक यांत अंतर असतं, ते असं.

आता कुंपणाबाहेर पाहू. १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला. बराकीत काळे-गोरे शेजारी झोपू लागले. पण घर घ्यायला निघालं की आसपासच्या अनेक वस्त्यांमध्ये खरेदीखतातच अट असे, गोऱ्याखेरीज कुणाला विकायचं नाही. म्हणून कृष्णवर्णीय सैनिकांची कुटुंबं तळाला चिकटून असलेल्या सीसाइड गावात स्थिरावली. गोल्फचंही तसंच. व्यावसायिक गोल्फपटूंच्या राष्ट्रीय संघटनेचं सदस्यत्व नियमानेच गोऱ्यांपुरतं होतं. कॅलिफोर्नियाचे ॲटर्नी जनरल स्टॅनली मॉस्क यांनी बजावलं की असा नियम पाळणाऱ्यांना राज्यातली सार्वजनिक मैदानं मिळणार नाहीत. १९६१ मध्ये ते कलम गेलं. ‘सार्वजनिक’ हा शब्द इथे नुसती पाटी राहिला नाही, हत्यार झाला.

१९९४ मध्ये तळ बंद झाला. दोन्ही मैदानं आली कुणाकडे? त्याच सीसाइड शहराकडे. ज्यांना इतरत्र दारं बंद होती, ते जिथे स्थिरावले ते गाव जनरलसाहेबांच्या मैदानाचं मालक झालं!

पण इथे टाळी वाजवून थांबता येत नाही. आज तिथे कुणीही खेळू शकतो, फी भरली तर. आणि रमसेनांचे वंशज? ज्या ओकांखाली त्यांचं अन्न पडत असे, त्या जमिनीच्या या साऱ्या हस्तांतरणांत त्यांचा होकार कुणी मागितला नाही.

म्हणून आम्हाला वाटतं, एखादी जागा सार्वजनिक आहे असं म्हणण्यापेक्षा ती कितपत सार्वजनिक झाली आहे, असं विचारावं. कुंपण काढलं म्हणजे काम अर्धं झालं. कुंपण घातलं तेव्हा बाहेर कोण राहिलं, हे लक्षात ठेवणं हे उरलेलं अर्धं.