ब्रेकचा कर्कश आवाज : निदान, दुरुस्ती आणि शांततेची किंमत (1897 ते 2024)

प्रस्तावना

मोटारगाडीच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने इंजिन, वेग आणि उद्योजक यांच्याभोवती झालेले आहे. गाडी थांबविणाऱ्या यंत्रणेचा उल्लेख त्यात ओझरता येतो. त्या यंत्रणेच्या दुरुस्तीचा तर बहुधा येतच नाही. ब्रेक दाबताच निघणारा कर्कश आवाज गाडीमालकाला त्रासदायक आणि मेकॅनिकला नित्याचा असतो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे का वळावे, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होईल. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हा आवाज बंद करण्यासाठी विसाव्या शतकात जो उपाय सर्वाधिक यशस्वी ठरला, त्याची किंमत गाडीत बसणाऱ्याने मोजली नाही. ती कारखान्यातील आणि गॅरेजमधील कामगाराच्या वाट्याला आली. विवेचन मुख्यतः ब्रिटनमधील घडामोडींवर आधारलेले असून अखेरीस भारतीय संदर्भाची नोंद घेतली आहे.

1. घर्षणसाहित्याचा शोध

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील चॅपल-एन-ल-फ्रिथ या गावी हर्बर्ट फ्रूड यांनी 1897 मध्ये ब्रेकच्या ठोकळ्यांवर प्रयोग सुरू केले. उतारावर गाडी आवरण्यासाठी घोडागाडीवाले लाकडी ब्रेकवर जुन्या बुटाचे चामडे ठोकतात, हे पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. पुढे त्यांच्या मालाला ‘फेरोडो’ हे नाव मिळाले. ‘फ्रूड’ या आडनावाच्या रोमन अक्षरांत पत्नी एलिझाबेथ यांचे आद्याक्षर मिसळून व अक्षरांचा क्रम बदलून ते तयार झाले.

याच सुमारास बर्मिंगहॅमचे अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1902 मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. या ब्रेकमध्ये चकतीवर तांब्याचे अस्तर दाबले जाई. ते लवकर झिजे आणि धातूवर धातू घासल्याने कर्णकटू आवाज निघे. फ्रूड यांचे सुरुवातीचे कापडी अस्तर तुलनेने शांत होते. परंतु मोटारगाडीच्या वेगामुळे निर्माण होणाऱ्या उष्णतेत ते करपू लागले. न जळणारे, तंतुमय आणि स्वस्त असे द्रव्य हवे होते. ते अ‍ॅस्बेस्टॉसच्या रूपाने सापडले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या उत्तरार्धापासून ब्रेकच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉसचा वापर सुरू झाला आणि पुढील अनेक दशके तोच सार्वत्रिक राहिला.

2. आवाजाचे निदान

आवाज का होतो, याचे शास्त्रीय स्पष्टीकरण मात्र बरेच उशिरा आले. एच. आर. मिल्स यांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये ड्रम ब्रेकच्या आवाजाचा पद्धतशीर अभ्यास केला. घसरण्याचा वेग वाढताना घर्षण कमी होत असेल, तर अस्तर आलटून पालटून चिकटते व सुटते आणि त्यातून कंपन निर्माण होते, असा त्या विवेचनाचा रोख होता. व्हायोलिनच्या तारेवर गज ओढताना हेच घडते. 1961 मध्ये आर. टी. स्पर यांनी वेगळा सिद्धांत मांडला. घर्षणाचे प्रमाण स्थिर असले तरी, टेकू विशिष्ट कोनात असल्यास तो अडकतो, लवतो आणि सुटतो. म्हणजेच दोष केवळ द्रव्याचा नसून रचनेचाही असतो. 1970 च्या दशकात एम. आर. नॉर्थ यांनी चकती व पॅड यांच्या स्वाभाविक कंपनांचा परस्परांशी मेळ बसल्याने आवाज निर्माण होतो, हे गणिताने दाखविले.

या संशोधनामुळे गॅरेजमधील अनुभवाला शास्त्रीय आधार मिळाला. साधारणपणे एक हजार हर्ट्झच्या वरची बारीक किंचाळी ही कंपनाची खूण असते. चकचकीत झालेले अस्तर, पॅडच्या पाठीवरील झिजलेली पत्री, कॅलिपरच्या सुकलेल्या पिना किंवा सैल बसलेला पॅड ही तिची नेहमीची कारणे होत. पावसाळी सकाळी दोन-चार वेळा ब्रेक लावल्यावर थांबणारा आवाज चकतीवरील ओलाव्याचा व पातळ गंजाचा असतो. त्यावर उपायाची गरज नसते. खरखरीत घरघर ऐकू आल्यास अस्तर संपून धातू चकतीवर घासत आहे असे समजावे आणि गाडी चालविणे थांबवावे. पुढे अनेक पॅडांना एक पोलादी पट्टी जोडण्यात आली. अस्तर ठरावीक मर्यादेपर्यंत झिजले की ही पट्टी चकतीला टेकून मुद्दाम आवाज करते. ज्या आवाजाला दोष मानले जात होते, त्यालाच येथे इशाऱ्याचे काम देण्यात आले.

3. दुरुस्ती आणि धूळ

ड्रम ब्रेकच्या काळात आवाज घालविण्याच्या रीती ठरलेल्या होत्या : ड्रम उघडून साचलेली भुकटी हवा मारून साफ करणे, चकचकीत झालेले लायनर घासून खरबरीत करणे, त्यांच्या कडा तिरक्या तासणे आणि ड्रम लेथवर टर्न करणे. आवाजाच्या दृष्टीने हे उपाय योग्यच होते. परंतु लायनर अ‍ॅस्बेस्टॉसचे असल्यास घासण्या-तासण्याच्या याच कृतींतून त्याचे तंतू हवेत मिसळत.

या तंतूंचा धोका अज्ञात होता असे म्हणता येत नाही. रॉचडेल येथील अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यातील कामगार नेली कर्शॉ 1924 मध्ये मरण पावली आणि तिच्या फुप्फुसांच्या तपासणीचा वृत्तान्त त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. मेरिवेदर आणि प्राइस यांच्या 1930 च्या अहवालानंतर ब्रिटनने 1931 मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगासाठी नियम केले. मात्र या नियमांचा रोख मालाच्या उत्पादनावर होता. त्या मालाची दुरुस्ती करणारा गॅरेजमधील कामगार त्यांच्या कक्षेबाहेर राहिला.

येथे एक मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. ब्रेकच्या उष्णतेत अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंचा मोठा भाग निरुपद्रवी द्रव्यात रूपांतरित होतो आणि मेकॅनिकांना असलेल्या धोक्याच्या प्रमाणाविषयी संशोधकांत मतभेद आहेत. हा युक्तिवाद झिजलेल्या भुकटीला लागू पडतो. नवे लायनर तासताना उडणाऱ्या धुळीला तो तितकासा लागू पडत नाही. अमेरिकेने 1994 च्या नियमांत ब्रेकच्या कामासाठी बंदिस्त शोषणयंत्र अथवा ओली सफाई अशा पद्धती सांगितल्या, हे या दृष्टीने लक्षणीय आहे.

4. बंदी आणि आवाजाचे पुनरागमन

ब्रिटनने 1999 मध्ये पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवरही बंदी घातली. अमेरिकेत 1989 चा बंदीहुकूम 1991 मध्ये न्यायालयाने बहुतांशी रद्द ठरविला. ब्रेकच्या सुट्या भागांसह पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घालणारा नियम तेथे 2024 मध्येच झाला. दरम्यान पोलादी तंतूंची अस्तरे प्रचारात आली. ती उष्णता चांगली सोसत, पण जास्त आवाज करीत. त्यामुळे पॅडच्या पाठीवर रबराचा थर दिलेल्या पत्र्या, तिरप्या कडा आणि उष्णतारोधक ग्रीस यांचे महत्त्व वाढले. अनेक अस्तरांत तांब्याचा वापर झाला. परंतु तांब्याची भुकटी रस्त्यावरून ओढ्या-नद्यांत जाऊन माशांना अपाय करते, या कारणाने वॉशिंग्टन व कॅलिफोर्निया या राज्यांनी 2010 मध्ये तांब्याचे प्रमाण घटविणारे कायदे केले. एका उपायाचा भार पुन्हा त्याचा लाभ न घेणाऱ्यांवर पडत होता.

5. भारतीय संदर्भ

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 1995 मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याविषयी महत्त्वपूर्ण निर्णय दिला. प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या आरंभापासून किमान 40 वर्षे अथवा निवृत्तीनंतर 15 वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोवर जपावी, असा आदेश त्यात आहे. रोग अनेक वर्षांनी प्रकट होतो, याची ती न्यायिक दखल होती. तथापि नोंद ठेवण्यासाठी नोंदवही ठेवणारा मालक असावा लागतो. रस्त्याकडेच्या गॅरेजात काम शिकणाऱ्या मुलाचे नाव कोणत्याच वहीत नसते. ब्रिटनप्रमाणे सर्वंकष बंदीही भारताने घातलेली नाही. अशा स्थितीत डब्यावर ‘अ‍ॅस्बेस्टॉसविरहित’ असे लिहिलेले पॅड वा लायनर मागणे, ड्रममध्ये हवा न मारता भुकटी ओल्या फडक्याने पुसणे आणि लायनर कोरडे न घासणे, एवढी दक्षता ग्राहक व कारागीर दोघांनाही घेता येण्याजोगी आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ब्रेकचा आवाज हा एकच दोष नसून निरनिराळ्या कारणांची खूण आहे. म्हणून निदानापूर्वी उपाय करणे चुकीचे ठरते. दुसरी, अ‍ॅस्बेस्टॉसच्या धोक्याचे ज्ञान आणि त्याचा ब्रेकमधील वापर ही दोन्ही अनेक दशके शेजारी शेजारी नांदली. तिसरी, कामगार संरक्षणाचे कायदे उत्पादनाजवळ थांबले आणि दुरुस्तीपर्यंत फार उशिरा पोहोचले. तंत्रज्ञानाचा इतिहास शिकविताना शोधकर्त्यांच्या नामावलीबरोबर दुरुस्ती करणाऱ्या हातांचाही विचार झाला पाहिजे. आपल्या महाविद्यालयांच्या परिसरातील गॅरेजे आणि तेथील वयोवृद्ध कारागिरांच्या मौखिक साक्षी हे त्यासाठी हाताशी असलेले साधन आहे. ते कारागीर आहेत तोवरच हे काम व्हावयास हवे.