निजामिया वेधशाळेची तारासूची

हैदराबादेच्या बेगमपेठ भागात आज ज्या आवारात आर्थिक व सामाजिक अभ्यासाचे केंद्र आहे, त्याच आवारात निजामिया वेधशाळेची जुनी वास्तू आहे. प्रयोगशाळेतील किचकट संगणकप्रणाली वापरणाऱ्याला सुकर कशी करावी, हा प्रश्न ज्यांच्यापुढे आज उभा असेल, त्यांनी त्या वास्तूत तयार झालेल्या तारासूचीचा इतिहास अवश्य पाहावा, असे मला मनापासून वाटते; कारण वापरणाऱ्याची सोय पाहिली तर काय साधते आणि न पाहिली तर काय बिघडते, हे दोन्ही त्यात दिसते.

नवाब जफर जंग या हैदराबादी उमरावाने ग्रब यांच्या कारखान्याची १५ इंची दुर्बीण परदेशाहून आणवून, सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या परवानगीने, १९०१ साली ही वेधशाळा स्थापन केली, आणि त्याच्या निधनानंतर, १९०८ मध्ये, ती संस्थान सरकारच्या ताब्यात आली. १८८७ च्या पॅरिस परिषदेत सर्व आकाशाची छायाचित्रे घेऊन तेजस्वितेच्या अकराव्या प्रतीपर्यंतच्या ताऱ्यांची सूची करण्याचे काम निरनिराळ्या देशांतील वेधशाळांनी वाटून घेतले होते. त्यांपैकी दक्षिण आकाशातील १७ ते २३ अंशांचा पट्टा चिलीतील सांतियागोच्या वेधशाळेकडून पुरा होईना, म्हणून तो हैदराबादेकडे सोपवण्यात आला. संस्थानचा खजिना औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या मराठी जिल्ह्यांच्या महसुलावरही भरत असे. तेव्हा मराठवाड्याच्या रयतेचा पैसा या कार्यात खर्ची पडला आहे, ही गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये.

छायाचित्राच्या काचेवर, ताऱ्यांच्या प्रतिमांबरोबरच, पाच-पाच मिलिमीटर अंतराच्या रेषांचे जाळे उमटवलेले असे, आणि मोजणाराने सूक्ष्मदर्शकातून प्रत्येक ताऱ्याचे त्या जाळ्यातील आडवे व उभे अंतर वाचून नोंदवायचे असे. एकेका ताऱ्यासाठी मापनाचा स्क्रू फिरवीत बसणे ही त्या काळची प्रतिष्ठित रीत होती. परंतु ऑक्सफर्डचा प्राध्यापक हर्बर्ट हॉल टर्नर याने नेत्रभिंगातच एक मोजपट्टी बसवली आणि तारा तिच्यावर जेथे दिसेल तेथला आकडा, अपूर्णांक नजरेने अजमावून, सरळ वाचण्याची पद्धत रूढ केली. अचूकतेचा एक लहानसा अंश तीत सोडून द्यावा लागला, हे खरे. पण वेग इतका वाढला, की लक्षावधी ताऱ्यांचे मापन साधारण शिक्षणाच्या सहायकांच्या आवाक्यात आले. गणिताच्या बाबतीत टर्नरचे कार्य याहूनही मोठे. काचेची दिशा, वातावरणाने होणारे प्रकाशाचे वक्रीभवन, अशा सर्व दुरुस्त्या निरनिराळ्या करण्याची गरज नाही, लहान क्षेत्रापुरत्या त्या सहा स्थिरांकांच्या दोन साध्या समीकरणांत सामावतात, हे त्याने १८९३ च्या सुमारास दाखवले. ज्याला यंत्रापुढे बसून दिवसच्या दिवस काढायचे आहेत, त्याच्या डोळ्यांचा आणि धीराचा विचार करून यंत्र व गणित दोन्ही नव्याने बांधण्याचे हे उदाहरण मला विज्ञानातील कोणत्याही शोधाइतके आदरणीय वाटते.

ऑक्सफर्डची ही रीत बेगमपेठेत रुजली, आणि १९१४ मध्ये संचालक झालेला रॉबर्ट पोकॉक १९१८ मध्ये ऐन तारुण्यात मरण पावल्यावरही टी. पी. भास्करन यांच्या दीर्घ कारकिर्दीत काम खंडले नाही. १९१९ मध्ये वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे गेली, दक्षिणेचा पट्टा पुरा झाला, पुढे उत्तरेकडील ३६ ते ३९ अंशांचाही पट्टा हाती घेण्यात आला, आणि सूचीचे खंडामागून खंड छापून निघाले. मोजणाऱ्या सहायकांची नावे इतिहासाने फारशी जपली नाहीत. वेणू बाप्पू, जे पुढे भारतीय खगोलशास्त्राचे अग्रणी झाले, ते याच वेधशाळेतील एका सहायकाचे पुत्र.

मात्र जी दया टर्नरने मोजणाऱ्याला दाखवली, ती वाचणाऱ्याला कोणी दाखवली नाही. खंडांत छापले होते ते काचेवरचे अंतर, आकाशातील स्थान नव्हे. जणू शेताची मोजणी करून प्रत्येक गावाने आपल्याच शिवारातील एका धोंड्यापासूनचे अंतर लिहून ठेवावे. एक तारा हवा असेल, तर काचेचा क्रमांक हुडकावा, तिचे स्थिरांक घ्यावेत, समीकरणे सोडवावीत आणि मग विषुवांश व क्रांती काढावी; शिवाय प्रत्येक वेधशाळेची मांडणी वेगळी. हे रूपांतर खर्चाचे, म्हणून ते वापरणाऱ्याच्या माथी मारले गेले, आणि परिणाम असा झाला, की अनेक देशांच्या अर्धशतकी श्रमांचे हे ग्रंथ ग्रंथालयांत बहुतांशी न उघडलेले राहिले. हा निर्णय चुकीचा होता, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही: एकदाच करायचे कष्ट करणाराने वाचवले आणि तेच कष्ट हजारांना पुन्हा पुन्हा करायला लावले.

ते कष्ट अखेर १९९० च्या दशकात पुरे झाले. मॉस्कोच्या स्टर्नबर्ग संस्थेतील मंडळींनी सगळ्या खंडांतील आकडे संगणकात भरले. वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेने हिप्पार्कस उपग्रहाच्या वेधांचा आधार घेऊन सर्व काचांचे गणित पुन्हा केले आणि १९९७ मध्ये सुमारे ४६ लाख ताऱ्यांची एकसंध सूची सिद्ध केली. जुने स्थान आणि उपग्रहाने टिपलेले नवे स्थान यांतील अंतरावरून ताऱ्याची निजगती निघते, आणि दोन वेधांमधील काळ जितक्या अधिक वर्षांचा तितकी ती गती विश्वसनीय. म्हणून २००० साली निघालेल्या टायको-२ या २५ लाख ताऱ्यांच्या सूचीत बेगमपेठेचे मापन थेट उपयोगी पडले. आता स्ट्रासबर्गच्या केंद्राने चालवलेल्या विझिएर या सेवेत ताऱ्याचे नाव किंवा स्थान लिहिले की स्थिरांकांची वा समीकरणांची विचारपूस न होता उत्तर मिळते, आणि त्या उत्तरात वेधाचा काळही नोंदवलेला असल्यामुळे काच कधी घेतली होती, हेही विद्यार्थ्याला कळते.