आपला सोयाबीनचा भाव आणि ब्राझीलच्या जंगलातला रस्ता



फेब्रुवारीत मोंढ्यात सोयाबीनचा भाव विचारला की आडतीवर उत्तर ठरलेलं असतं, "ब्राझीलचा माल यायलाय." आपण मान डोलावतो अन् घरी येतो. तो माल पिकतो कुठं, येतो कोणत्या रस्त्यानं, हे कुणी सांगत नाही. यंदा पोती घरात ठेवून भावाची वाट बघता बघता मी त्या रस्त्याबद्दल वाचत बसलो. आज शेतातलं काही नाही, त्या रस्त्याचीच नोंद.

रस्त्याचं नाव बीआर-१६३. त्याचा आपल्या कामाचा तुकडा माटो ग्रोसो राज्यातल्या कुयाबा शहरापासून सुरू होतो आणि उत्तरेला सांतारेमपर्यंत जातो. तिथं तापाजोस नदी ॲमेझॉनला मिळते. हे अंतर सुमारे १७७० किलोमीटर. आधी सेराडो, म्हणजे खुरट्या झाडांचा माळ, आणि पुढं ॲमेझॉनचं दाट जंगल.

१९७० साली ब्राझीलच्या ईशान्य भागात मोठा दुष्काळ पडला. तेव्हा तिथं लष्करी राजवट होती. राष्ट्राध्यक्ष मेडिसी यांनी जंगलातून महामार्ग काढायची योजना जाहीर केली. एक आडवा, ट्रान्स-ॲमेझॉनियन, आणि दुसरा उभा, हा आपला. माणसं नसलेली जमीन जमीन नसलेल्या माणसांना द्यायची, असं तेव्हा सांगितलं गेलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना १० किलोमीटरचा पट्टा वसाहतींसाठी राखून ठेवला. लष्कराची एक इंजिनिअर बटालियन कुयाबाकडून निघाली, दुसरी सांतारेमकडून. १९७६ ला रस्त्याचं उद्घाटन झालं. रस्ता म्हणजे लाल मातीचा नुसता पट्टा होता.

पण 'माणसं नसलेली जमीन' हेच मुळात खोटं होतं. पेशोतो दि अझेवेदो नदीच्या खोऱ्यात पनारा लोक राहत होते, आणि ते शेतकरी होते. मका, केळी, रताळी, भुईमूग पिकवायचे. त्यांचे मळे गोल, आखून लावलेले. भुईमुगाला त्यांच्यात फार मान. रस्त्याचं काम जवळ आलं तेव्हा, १९७३ मध्ये, सरकारतर्फे व्हिलास-बोआस बंधूंनी त्यांच्याशी पहिल्यांदा संपर्क केला. त्यांच्या अंगात फ्लूशी लढायची ताकद नव्हती. फ्लू अन् जुलाबानं गावंच्या गावं बसली. दोन वर्षांत शेकड्यांतून ७९ जण उरले. १९७५ मध्ये सरकारनं त्यांना विमानात घालून शिंगू नदीकाठच्या राखीव भागात नेऊन सोडलं. परक्या जमिनीवर, दुसऱ्या जमातींच्या शेजारी.

मग ती जमीन कुणाला मिळाली? दुष्काळातल्या भूमिहीनांपैकी थोड्यांनाच. या रस्त्याच्या दक्षिण भागात खासगी वसाहत कंपन्या उतरल्या. सिनोप हे शहर १९७४ मध्ये अशाच एका कंपनीनं वसवलं, नावसुद्धा कंपनीच्या आद्याक्षरांवरून. दक्षिणेकडच्या राज्यांतले शेतकरी तिकडची थोडी जमीन विकून इथं कितीतरी पट जास्त घेऊ लागले.

आता सोयाबीनचं बघा. हे मुळात थंड मुलुखातलं पीक. दिवस लहान झाला की फुलावर येतं. विषुववृत्ताजवळ पेरलं तर वीतभर वाढून लगेच फुलायचं, हाती काही नाही. १९७३ मध्ये सुरू झालेल्या एम्ब्रापा या सरकारी संशोधन संस्थेनं आणि इतर पैदासकारांनी उशिरा फुलणारे वाण काढले. सेराडोची आम्लारी माती चुना टाकून सुधारली. बियाण्याला जिवाणूखत लावून नत्राचा खर्च वाचवला. हे काम खरंच मोठं आहे, त्याला नाव ठेवायचं कारण नाही.

माल पिकला, पण न्यायचा कसा? दोन हजार किलोमीटरवर दक्षिणेला सांतोस बंदर. उत्तरेची वाट निम्मी जवळ, पण जंगलात चिखल. त्यांची काढणी जानेवारी ते मार्च, आणि नेमका तोच तिकडचा पावसाळा! फेब्रुवारी २०१७ मध्ये हजारो ट्रक कित्येक दिवस चिखलात अडकून पडले होते. ओढ्याच्या पलीकडं बैलगाडी रुतलेली ज्यानं बघितलीय त्याला ते दुःख सांगायला नको. अखेर फेब्रुवारी २०२० मध्ये तापाजोसकाठच्या मिरितितुबा बंदरापर्यंत डांबर पूर्ण झालं. तिथून माल बार्जमधून मोठ्या जहाजाकडं जातो. भाडं वाचलं, ब्राझीलचा माल जगाच्या बाजारात आणखी तगडा झाला. आपण तेल आयात करतो, पेंड निर्यात करतो, म्हणून त्याची झळ आपल्या मोंढ्यापर्यंत येते.

जंगलाचं काय झालं? मुख्य रस्त्याला आडवे फाटे फुटत गेले, वरून बघितलं तर माशाचा काटा. आधी लाकूड, मग गुरं. खोटे कागद करून सरकारी जमीन बळकावायला तिकडं 'ग्रिलाजेम' म्हणतात. ग्रिलो म्हणजे रातकिडा. नवे कागद किड्यांसोबत खणात ठेवले की जुनाट दिसतात, त्यावरून हे नाव. २००६ मध्ये मोठ्या व्यापाऱ्यांनी ॲमेझॉनमधल्या नव्यानं तोडलेल्या जमिनीवरचं सोयाबीन घ्यायचं नाही असा करार केला, त्यानं बराच फरक पडला. तरी ऑगस्ट २०१९ मध्ये याच रस्त्यावरच्या नोव्हो प्रोग्रेसो भागात ठरवून आगी लावल्या गेल्या.

आणि पनारा? वीस वर्षांनी ते परतले. जुना मुलूख सोन्याच्या खाणींनी उकरून ठेवला होता, म्हणून इरिरी नदीच्या उगमाकडं उरलेल्या जंगलात त्यांनी गाव वसवलं. सुमारे पाच लाख हेक्टर जमिनीवरचा त्यांचा हक्क मान्य झाला. २००० साली कोर्टानं सरकारला नुकसानभरपाई द्यायला लावली. गोल मळे अन् भुईमूग पुन्हा लागले.

मी रस्त्याच्या विरोधात नाही. माझ्याच शेताचा पाणंद रस्ता पावसाळ्यात बंद असतो, तो व्हावा म्हणून मी अर्ज दिलेत. पण मोजणीच्या कागदावर 'पडीक' किंवा 'गायरान' लिहिलेलं दिसलं की आता मी थांबून बघतो. तिथं कुणाची शेरडं चरतात, कुणाचं खोपट आहे, हे त्या कागदावर नसतं. तिकडंही नकाशावर ती जमीन रिकामीच दिसत होती.

तुमच्या शिवारात रस्ता झाला तेव्हा कुणाची जमीन गेली होती, माहीत असेल तर खाली लिहा. उद्यापासून परत हरभऱ्याच्या नोंदी.