किती ऐकू येते, हे मोजणारा व्यवसाय

१९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील शाळांत एक आगळी परीक्षा होऊ लागली. ग्रामोफोनला चाळीसपर्यंत कर्णफोन जोडायचे. तबकडीवरून अंक उच्चारले जात, दर वेळी आधीपेक्षा हळू. मुलांनी ऐकू आलेले अंक कागदावर लिहायचे. ‘ढ’ म्हणून मागे बसवलेल्या मुलाला मुळात ऐकूच येत नसेल, ही शंका आता सबंध वर्गापुरती एकदम तपासता येऊ लागली. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचे हे यंत्र, ‘४-ए’ ऑडिओमीटर.

त्यात एक उणीव मात्र होती. बोललेला अंक आपण बराचसा स्वरांवरून ओळखतो, आणि स्वरांची ऊर्जा कमी वारंवारतेकडे असते. ज्याला फक्त ‘स’, ‘श’ यांसारखे उच्च वारंवारतेचे ध्वनी ऐकू येत नाहीत, असे मूल या परीक्षेत सहज उत्तीर्ण होई! म्हणून एकेका वारंवारतेचा शुद्ध ध्वनी ऐकवून केलेली तपासणीच पुढे रूढ झाली.

यंत्र होते, पण ते वापरणारा माणूस कोण? डॉक्टर कानाचा रोग पाही, विक्रेता श्रवणयंत्र विके. मधली जागा रिकामीच होती. ती भरली दुसऱ्या महायुद्धाने. तोफांच्या आवाजाने बहिरे झालेल्या सैनिकांसाठी अमेरिकी लष्कराने तीन रुग्णालयांत केंद्रे उघडली. त्यांपैकी पेनसिल्व्हेनियातील डेशॉन रुग्णालयात १९४४ पासून रेमंड कारहार्ट काम करीत होते. ते डॉक्टर नव्हते. वाचा व भाषण हा त्यांचा विषय. शिपायाला निरनिराळी श्रवणयंत्रे लावून, कोणत्या यंत्राने बोलणे अधिक समजते ते मोजायचे, ही पद्धत त्यांनी बसवली. जोडीला ओष्ठवाचनही शिकवले जाई. युद्धानंतर त्यांनी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात हा विषय रुजवला. ‘ऑडिऑलॉजी’ हे नाव याच सुमारास रूढ झाले. अर्धे लॅटिन, अर्धे ग्रीक असे हे धेडगुजरी नाव आहे, पण टिकले.

भारतात म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ मध्ये निघाली. मुंबईच्या नायर रुग्णालयात १९६६ मध्ये पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. १९८३ मध्ये वांद्र्याला अली यावर जंग संस्था आली. बारावी विज्ञाननंतर या वाटेने जाणाऱ्याला ध्वनीचे भौतिकशास्त्र आणि कानाची रचना शिकावी लागतेच, शिवाय भाषाशास्त्रही. कारण बोलणे किती समजते हे तपासायला शब्द लागतात, आणि इंग्रजी शब्दांची यादी मराठी मुलाला ऐकवली तर आपण त्याचा कान तपासतो की त्याचे इंग्रजी?